दवंडी, सभा आणि इंटरनेट : ग्रामजीवनातील लोकसहभागाचा एक अभ्यास

काही वर्षांपूर्वी गोव्यातील एका लहान गावाच्या ग्रामसभेस उपस्थित राहण्याचा योग आला. त्या गावातील एका दूरच्या वाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर ओहोळावर एक जुना साकव होता. त्याचा कठडा पडला होता आणि एका बाजूची फरशी खचली होती. कोणा तरुणाने त्याचे छायाचित्र काढून गावाच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकले. समूहात चारशेहून अधिक मंडळी होती. तीन दिवस त्यावर मोठी चर्चा झाली. कोणी पंचायतीला दोष दिला, कोणी ठेकेदाराला; कोणी बांधकामाचा उपाय सुचविला, तर आखातात नोकरीस असलेल्या एका गृहस्थांनी वर्गणी देण्याची तयारी दर्शविली. ही चर्चा वाचून गाव जागे झाले आहे, असेच कोणासही वाटले असते.

रविवारी ग्रामसभा भरली तेव्हा सभागृहात जेमतेम तीस माणसे होती. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली. पुन्हा सुरू झाल्यावर रस्त्यावरील दिव्यांचा विषय निघाला, त्यातच बराच वेळ गेला आणि सभा आटोपली. साकवाचा विषय कोणीही मांडला नाही. ज्या वाड्याचा तो साकव, तेथील मंडळींना सभेची सूचना पोहोचलीच नव्हती. कारण ती केवळ समूहावर देण्यात आली होती. ज्यांनी समूहावर हिरिरीने लिहिले होते, त्यांच्यापैकी कोणी पणजीत, कोणी मुंबईत, कोणी परदेशात, तर कोणी आपल्या घरीच होते. ठराव झाला नाही, म्हणून काम आराखड्यात आले नाही. जुलैच्या पावसात साकव वाहून गेला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. परंतु त्या वाड्यावरील मुलांना उरलेला सारा पावसाळा लांबच्या वाटेने शाळेत जावे लागले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. याच गावाविषयी 'डिजिटल झालेले गाव' अशा आशयाचे प्रसिद्धिपत्रक मी स्वतः काही महिन्यांपूर्वी तयार केले होते. समूहातील सदस्यांची संख्या त्यात मोठ्या कौतुकाने दिली होती. पुढे त्या वाड्यावरील एका वृद्ध बाईंची भेट झाली, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाबा, फोनात साऱ्या गावाने साकव पाहिला, सभेत मात्र तो कोणालाच दिसला नाही." प्रस्तुत लेख हा त्या एका वाक्याचा विचार आहे.

लोकसहभाग म्हणजे काय?

आपल्या गावाच्या कारभारात नागरिक भाग घेतो, तेव्हा त्याच्या सहभागाच्या चार पायऱ्या असतात. प्रथम त्याला माहिती मिळावी लागते. दुसरी पायरी चर्चेची. तिसरी निर्णयाची, आणि चौथी त्या निर्णयाच्या पाठपुराव्याची. यांपैकी एकही पायरी गळली, तरी सहभाग अपुरा राहतो. माहिती नसलेली चर्चा ही निव्वळ कुरबुर ठरते, आणि पाठपुरावा नसेल तर ठराव इतिवृत्ताच्या वहीतच राहतो. इंटरनेटने या चारही पायऱ्यांवर काही ना काही परिणाम केला आहे. परंतु तो सर्वत्र सारखा नाही. हा फरक नीट समजून घेणे, हाच या अभ्यासाचा हेतू आहे.

निरोप पोहोचविण्याची साधने आपल्याकडे पूर्वीही होती. दवंडी पिटली जाई, चावडीवर सूचना लावली जाई, देवळाच्या घंटेचा नाद झाला की माणसे जमत. गोव्यातील गावकारी संस्थांची परंपरा तर फार प्राचीन आहे. पोर्तुगीज अमदानीत १५२६ साली या संस्थांचे रूढ आचार व नियम एका सनदेत लेखी नोंदविण्यात आले. म्हणजे त्या नियमांनुसार चालणारा गावाचा कारभार त्याहून जुना होता. त्या कारभारात सर्वच स्तरांना स्थान होते असे नाही. स्त्रिया आणि गावकार नसलेले रहिवासी त्याबाहेर होते, ही त्याची मर्यादा आपण विसरता कामा नये. परंतु त्यातील एक तत्त्व आजही ध्यानात घेण्यासारखे आहे. दवंडी हे बोलावण्याचे साधन होते, निर्णयाचे नव्हे. निर्णय जमलेल्या माणसांनी एकमेकांसमोर बसून करायचा असे.

स्वातंत्र्योत्तर काळात ही सभा सर्वांसाठी खुली झाली. २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले आणि अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय नमूद केले. गोव्यात गोवा पंचायत राज अधिनियम, १९९४ अन्वये हा कारभार चालतो, आणि आज राज्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक स्त्री-पुरुष ग्रामसभेचा सदस्य आहे. त्यासाठी त्याला कोठेही अर्ज करावा लागत नाही.

वारणेचा धडा

ग्रामीण भागात संगणकाचे जाळे नेण्याचा आपल्या परिसरातील एक आरंभीचा प्रयोग कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांच्या सीमेवरील वारणा खोऱ्यात १९९८ साली सुरू झाला. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतालची सुमारे सत्तर गावे त्यात घेण्यात आली. गावोगावी संगणक केंद्रे निघाली. शेतीविषयक ज्ञान, बाजारभाव, शासकीय योजना, शिक्षण अशा अनेक गोष्टी या केंद्रांतून लोकांपर्यंत पोहोचतील अशी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर येत ते मुख्यतः आपल्या उसाची नोंद, तोडीची पाळी, उसाचे वजन आणि बिलाची रक्कम पाहण्यासाठी. पुढे काही वर्षांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरील लघुसंदेशाने हीच माहिती देण्याचा प्रयोग करण्यात आला. तो शेतकऱ्यांना सोयीचा वाटला, कारण त्यासाठी केंद्रापर्यंत चालत जावे लागत नव्हते.

यावरून काही मंडळी असा निष्कर्ष काढतात की, ग्रामस्थांना इंटरनेटचे महत्त्व कळले नाही. हा निष्कर्ष योग्य नव्हे. आपल्याला कोणती माहिती हवी आहे, हे शेतकऱ्याने अचूक ओळखले होते. ज्या माहितीवर आपले वर्षाचे उत्पन्न अवलंबून आहे आणि जी आजवर दुसऱ्याच्या वहीत होती, ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावी, ही त्याची गरज होती. लोक साधनाकडे येतात ते आपल्या प्रश्नासह येतात. साधनाचे सामर्थ्य दाखविण्यासाठी ते येत नाहीत.

धारचे 'ज्ञानदूत'

इंदूरच्या शेजारी असलेल्या धार जिल्ह्यात १ जानेवारी २००० रोजी 'ज्ञानदूत' हा प्रकल्प सुरू झाला. पवार संस्थानाची ही जुनी राजधानी मराठी वाचकांस अपरिचित नाही. जिल्ह्याची बहुसंख्य वस्ती आदिवासी आणि शेतकरी आहे. आठवड्याचा हाट जेथे भरतो किंवा जेथून लोकांची नेहमी ये-जा असते, अशी गावे निवडून तेथे पंचायतींच्या साहाय्याने 'सूचनालये' उघडण्यात आली. ती चालविण्यासाठी स्थानिक सुशिक्षित तरुण नेमण्यात आले. निरनिराळ्या बाजार समित्यांतील शेतमालाचे भाव, जमिनीच्या नोंदींच्या नकला, दाखल्यांसाठी अर्ज आणि तक्रारनोंदणी या सेवा अल्प शुल्कात मिळू लागल्या. त्याच वर्षी या प्रकल्पास स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

या सेवांपैकी तक्रारनोंदणी आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. हातपंप बंद पडला, शिक्षक शाळेत येत नाहीत, अशा गोष्टी सांगण्यासाठी पूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालावे लागत. मजुरी बुडे, बसभाडे लागे आणि साहेब भेटतीलच याची खात्री नसे. आता तक्रार गावातून नोंदविता येऊ लागली आणि तिला ठरावीक मुदतीत उत्तर मिळावे अशी व्यवस्था झाली. प्रारंभी उत्तरे येत होती, तोवर लोकही येत होते. पुढे वीज आणि दूरध्वनी यांच्या अडचणी आल्या, उत्तरांचा वेग मंदावला, तशी सूचनालयांतील वर्दळही ओसरली.

यातून प्रशासनाने घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. तक्रारीचे उत्तर देणारा अधिकारी जागचा हलत नसेल, तर तक्रार पाठविण्याचे साधन कितीही जलद असून उपयोग नाही. पोचक्रमांक मिळाल्याने नागरिकाचे समाधान एकदा होते. दुसऱ्या वेळी तो उत्तराची वाट पाहतो, आणि तिसऱ्या वेळी येतच नाही.

लाटांची उंची आणि ध्वनिक्षेपक

तिसरे उदाहरण पुदुच्चेरीच्या किनाऱ्यावरील आहे, आणि गोव्यासारख्या सागरी राज्यास ते अधिक जवळचे वाटेल. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या संशोधन प्रतिष्ठानाने १९९८ पासून त्या परिसरातील गावांत ज्ञानकेंद्रे स्थापन केली. वीरमपट्टिनम या मच्छीमार गावातील केंद्र अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावरून बंगालच्या उपसागरातील लाटांच्या उंचीचा अंदाज रोज उतरवून घेई. हा अंदाज तमिळ भाषेत गावातील ध्वनिक्षेपकांवरून मोठ्याने सांगितला जाई. होडी समुद्रात लोटावी की नाही, हे त्यावरून मच्छीमार ठरवीत. त्यांच्यापैकी बहुतेकांनी संगणकाला कधी हातही लावला नसेल.

याच प्रकल्पातील नल्लवाडू गावी २६ डिसेंबर २००४ रोजी या व्यवस्थेची कसोटी लागली. सिंगापुरास असलेल्या गावच्या एका तरुणाने त्सुनामीच्या बातम्या पाहून घरी दूरध्वनी केला. घरच्यांनी आरडाओरडा करून शेजाऱ्यांना सावध केले. मग ज्ञानकेंद्राच्या ध्वनिक्षेपकावरून गावभर इशारा देण्यात आला. साडेतीन हजारांहून अधिक वस्तीचे ते गाव वेळीच किनाऱ्यापासून दूर गेले. घरांची आणि होड्यांची हानी झाली, परंतु माणसे वाचली.

या प्रसंगी प्राण वाचविणारी साखळी पाहण्यासारखी आहे. तीत परदेशी असलेला गावकरी आहे, दूरध्वनी आहे, शेजाऱ्याची हाक आहे आणि खांबावरचा ध्वनिक्षेपक आहे. ज्ञानकेंद्रामुळे गावाला रोज एका जागेवरून येणारा आवाज ऐकण्याची आणि त्यावर विश्वास ठेवण्याची सवय लागली होती. नवे साधन जुन्या साधनांना जोडले गेले, तेव्हाच ते सर्वांचे झाले.

आपल्या कायद्यानेही हेच तत्त्व मानले आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये शासकीय प्राधिकरणांनी मागणीची वाट न पाहता स्वतःहून माहिती प्रसिद्ध करावी असे म्हटले आहे. तेथे प्रसिद्धीची साधने सांगताना सूचनाफलक, वर्तमानपत्रे, जाहीर घोषणा, प्रसारमाध्यमे आणि इंटरनेट यांचा एकत्रच उल्लेख केलेला आहे. माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारी पद्धत विचारात घ्यावी, असेही तेथे सांगितले आहे. संकेतस्थळावर माहिती टाकली की आपले कर्तव्य संपले, असे समजणाऱ्या आम्हा अधिकाऱ्यांनी हे कलम वारंवार वाचावे.

शेजारधर्म वाढतो की आटतो?

इंटरनेटमुळे माणूस घरात कोंडला जातो आणि शेजारधर्म नष्ट होतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. या प्रश्नाचा एक अभ्यास कॅनडातील टोरांटोच्या एका उपनगरात १९९०-९९ या दशकाच्या उत्तरार्धात झाला. कीथ हॅम्प्टन आणि बॅरी वेलमन या समाजशास्त्रज्ञांनी तो केला. नव्याने वसविलेल्या त्या वसाहतीत १०९ घरे होती. त्यांपैकी ६४ घरांना जलद इंटरनेटची आणि सर्व जोडलेल्या घरांना एकाच वेळी निरोप पाठविण्याची सोय मिळाली. उर्वरित घरांना ती मिळाली नाही. त्यामुळे दोहोंची तुलना करणे शक्य झाले.

इंटरनेट असलेल्या घरांतील लोक सरासरी २५ शेजाऱ्यांना नावाने ओळखत होते, तर ते नसलेल्या घरांतील लोक केवळ ८ शेजाऱ्यांना. बोलण्याचालण्याचे संबंधही पहिल्या गटात सुमारे दुप्पट होते. निरोपांमधून ओळख झाली, मग लोक एकमेकांच्या दारी जाऊ लागले. घरबांधणीतील त्रुटींबाबत बांधकाम कंपनीकडे दाद मागताना हे रहिवासी एकत्र आले, तेही याच ओळखीच्या बळावर.

मात्र या निष्कर्षाचा अर्थ जपून लावावा लागेल. ते निरोप एकाच वसाहतीतील, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या लोकांचे होते, आणि त्यांचे विषयही तेथलेच होते. आपल्या हातातील फोन मात्र आपल्याला क्षणात शेजारच्या वाड्यापासून दूर, देशाच्या आणि जगाच्या वादांत नेऊन सोडतो. गावाच्या समूहावर गावचे किती आणि बाहेरचे किती, हे ज्याने त्याने एकदा मोजून पाहावे.

अफवेचे भय

या साधनाची दुसरी बाजू आपण महाराष्ट्रात पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवड्याच्या बाजारात आलेल्या, भटक्या जमातीतील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून सर्वत्र पसरली होती. ती माणसे भिक्षा मागून पोट भरणारी होती आणि मंगळवेढ्याकडून आली होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारहाण झाली. गावाने ज्या ठिकाणी एकत्र बसून विचार करावयाचा, त्याच ठिकाणी ही घटना घडावी, याहून अधिक खेदजनक ते काय? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली.

अफवा आणि सूचना एकाच मार्गाने येतात. त्यांतील फरक ओळखण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही. संदेश कोणी लिहिला, केव्हा लिहिला, आणि तो लिहिणाऱ्याला आपण ओळखतो काय, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कोणताही संदेश पुढे पाठवू नये. गावच्या समूहाने सरपंच, पंचायत सचिव, शाळेचे मुख्याध्यापक आणि जवळचे पोलीस ठाणे यांच्याकडून खात्री करून घेण्याची रीत पाडावी.

मागे राहणारे

आणखी एका बाबीचा विचार अवश्य केला पाहिजे. २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५७ टक्के पुरुषांनी, परंतु केवळ ३३ टक्के स्त्रियांनी इंटरनेटचा कधी ना कधी वापर केला होता. ग्रामीण भागात हे प्रमाण पुरुषांत सुमारे ४९ आणि स्त्रियांत सुमारे २५ टक्के होते. गोव्याची स्थिती पुष्कळ समाधानकारक होती. येथे पुरुषांत सुमारे ८३ आणि स्त्रियांत सुमारे ७४ टक्के असे प्रमाण आढळले. त्यानंतर वापर वाढलाच आहे. तथापि या पाहणीत पन्नाशीच्या पुढील माणसे नाहीत, आणि 'कधी ना कधी वापर केला' म्हणजे नित्य वापर करता येतो, असेही नव्हे. साकवापलीकडच्या त्या वृद्ध बाई कोणत्याही आकड्यात बसत नाहीत. साकव मात्र सर्वांत अधिक त्यांनाच लागतो.

याउलट दूर गेलेल्या माणसांना इंटरनेटने गावाशी पुन्हा जोडले आहे. गोव्याचे लोक पोटासाठी मुंबईस जात, तेव्हा त्यांनी तेथे आपापल्या गावाच्या नावाने कूड स्थापन केले. नोकरी मिळेपर्यंत आसरा, गावची ख्यालीखुशाली आणि गावच्या कार्यास वर्गणी अशी अनेक कामे या कुडांत होत असत. आज जत्रेचा जमाखर्च, शाळेच्या छपराची दुरुस्ती किंवा एखाद्याच्या आजारपणातील मदत ही कामे समूहावरून होतात. ही मोठीच सोय आहे. परंतु गावात राहणाऱ्या माणसाचे मत आणि दूरच्या हितचिंतकाचे मत यांत तारतम्य ठेवावे लागते. पावसात ज्याला ती वाट तुडवायची आहे, त्याचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे.

नकाशा आणि गाव

माहिती लोकांच्या हाती आली म्हणजे काय घडू शकते, याचा अनुभव गोव्याने प्रादेशिक आराखड्यांच्या निमित्ताने घेतला आहे. २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा २००६ मध्ये अधिसूचित झाला, तेव्हा त्यातील जमीनवापराविषयी लोकांत तीव्र असंतोष निर्माण झाला. गावोगावी नकाशे पाहिले गेले, सभा झाल्या, आणि जानेवारी २००७ मध्ये शासनाने तो आराखडा मागे घेतला. २०२१ पर्यंतच्या नव्या आराखड्यासाठी जो कृतिदल नेमण्यात आला, त्यात विख्यात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचा समावेश होता. या नव्या आराखड्याच्या मसुद्यावर गावपातळीवरून सूचना मागविण्यात आल्या. आपल्या गावाचा नकाशा उलगडून 'हे शेत, ही टेकडी, हा ओहोळ' असे बोट ठेवून सांगण्याची संधी सामान्य माणसास मिळाली. आराखड्याविषयी मतभेद पुढेही राहिले. परंतु नकाशा ही केवळ तज्ज्ञांची वस्तू नाही, ही जाणीव त्यातून दृढ झाली.

सभेपूर्वी, सभेत आणि सभेनंतर

आता व्यवहाराकडे वळू. सभेपूर्वी इंटरनेटचा उपयोग माहितीसाठी करावा. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने 'ई-ग्रामस्वराज' हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर राज्य, जिल्हा, पंचायत आणि आर्थिक वर्ष निवडले असता ग्रामपंचायत विकास आराखड्यातील मंजूर कामे आणि त्यांवरील खर्च कोणालाही पाहता येतो. आपले काम त्या यादीत आहे की नाही, हे प्रथम पाहावे. यादी कागदावर उतरवून पंचायतीच्या फलकावर, देवळाच्या किंवा चर्चच्या आवारात आणि दुकानाच्या भिंतीवर लावावी. ज्याला वाचता येत नाही, त्याला ती वाचून दाखवावी. सभेची सूचना समूहावर द्यावीच. पण तेवढ्यावर न थांबता फलक, ध्वनिक्षेपक आणि घरोघरचा निरोप ही साधनेही वापरावीत.

सभेत फोन बाजूस ठेवून समोरच्याकडे पाहावे. नादुरुस्त साकवाचे, फुटलेल्या गटाराचे किंवा बंद नळाचे छायाचित्र घेतले असेल, तर त्यावर दिनांक आणि ठिकाण नोंदवून ते सभेस दाखवावे. आपले म्हणणे ठरावाच्या रूपाने मांडावे, त्यास अनुमोदक मिळवावा आणि ते इतिवृत्तात नोंदले गेले याची खात्री करून घ्यावी. समूहावरील शंभर अंगठ्यांपेक्षा इतिवृत्तातील दोन ओळींचे मोल अधिक आहे, कारण प्रशासनाची पुढील कार्यवाही त्या दोन ओळींवरून होते.

सभेनंतर पाठपुराव्यासाठी इंटरनेटसारखे साधन नाही. ठराव समूहावर प्रसिद्ध करावा. काम कोठवर आले, याची नोंद दरमहा ठेवावी. उत्तर न मिळाल्यास लेखी अर्ज, आणि आवश्यक तेथे माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. मात्र एका कामासाठी एका वेळी एकच जबाबदार व्यक्ती नेमावी. सर्वांनी मिळून करावयाचे काम बहुधा कोणीच करीत नाही. समूहावर गावचे प्रश्न आणि शुभेच्छांचे संदेश एकत्र मिसळू नयेत, व्यक्तिगत निंदा होऊ देऊ नये, आणि मतभेद असल्यास ते सभेत सोडवावेत.

उपसंहार

साकव वाहून गेला त्या वर्षीची हकीकत येथे पूर्ण केली पाहिजे. पावसाळ्यानंतर त्या वाड्यावरील महाविद्यालयात जाणाऱ्या एका मुलीने पंचायतीचा आराखडा आपल्या फोनवर उघडून पाहिला. त्यात साकवाचे नाव नव्हते. तिने कामांची यादी दोन कागदांवर उतरवून घेतली आणि घरोघरी वाचून दाखविली. पंचायत सचिवांनीही सभेची सूचना या वेळी फलकावर लावली आणि रिक्षातून ध्वनिक्षेपक फिरविला. पुढच्या ग्रामसभेस तो सारा वाडा आला. त्यात त्या वृद्ध बाईही होत्या. ठराव झाला, तो इतिवृत्तात नोंदला गेला, आणि त्या पानाचे छायाचित्र समूहावर आले. आखातातील गृहस्थ दर महिन्यास 'काम कोठवर आले?' असे विचारीत राहिले, आणि ती मुलगी उत्तर देत राहिली. कामास विलंब झाला. दुसऱ्या पावसाळ्यात नुसताच लाकडी फळ्यांचा आधार होता. तिसऱ्या पावसाळ्यापूर्वी मात्र नवा साकव उभा राहिला.

दोन्ही वर्षी गाव तेच होते, समूह तोच होता, आणि फोनही तेच होते. पहिल्या वर्षी चर्चा समूहावर सुरू झाली आणि तेथेच थांबली. दुसऱ्या वर्षी ती समूहावरून घरोघर, घरांतून सभेत आणि सभेतून कागदावर गेली. फरक पडला तो एवढ्यानेच.

त्यानंतर मी त्या गावाविषयी पुन्हा एक प्रसिद्धिपत्रक लिहिले. त्यात समूहाच्या सदस्यांची संख्या दिली नाही. सभेस उपस्थित राहिलेल्यांची दिली. वाचकांनी आपल्या गावाच्या पुढील ग्रामसभेचा दिनांक आजच माहीत करून घ्यावा, आणि ज्या घरी फोन नाही अशा निदान एका घरी तो स्वतः जाऊन सांगावा, एवढीच विनंती.